अस्वलाचं जमलं तेव्हा

भावजी गेल्याचं मला माझ्या धाकट्या जावेनं, सुमननं फोनवर सांगितलं. मी लेकीकडं फलटणला होते. "आक्का, चहा गार व्हाया लागला म्हणून हाक मारली, तर हे उठंनात..." एवढंच बोलली. पलूसला येईपर्यंत मी एसटीत रडत होते, आणि खोटं कशाला बोलू, मधेच एकदा हसूही फुटलं. शेजारची बाई बघतच राहिली. आमचे दीर पोह्यांची बशी घेऊन बसलेले डोळ्यांपुढं आले, हे तिला काय सांगणार?

शामराव माझे धाकटे दीर. फौजेत सिग्नलला होते. नोकरीभर कानाला यंत्र लावून दुसऱ्याचं ऐकलं, स्वतःचं बोलायचं तेवढं राहिलं. पेन्शनीत आले तरी लग्नाचा पत्ता नाही. सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "ह्येचं तेवढं बघ गं." तो घोर माझ्या जिवाला लागलेला. आणि हे महाराज करवंदं पिकली की रेकॉर्डर घेऊन चांदोलीच्या रानात. का, तर त्या दिवसांत अस्वलांच्या जोड्या जमतात आणि एरवी मुकाट फिरणारं जनावर बोलायला लागतं. परत आले की मला ऐकवायचे. नर घशातल्या घशात घुमतोय, मादी अशी किंचाळतीय की अंगावर काटा यावा. "वयनी, ती वरडली की त्यो थांबतोय बगा. पर जात न्हाई. घुमत ऱ्हातोय." मी म्हणायची, "आवं, अस्वलाला जमतंय, आन् तुमाला जमंना व्हय?" की लाजून यंत्र बंद करायचे.

शेवटी मीच आटपाडीचं स्थळ काढलं. सुमन तिथल्या शाळेत शिकवायची, भावाकडं राहायची. तिचं लग्नाचं वय गेलं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. पोहे आले. भावजी बशीतले शेंगदाणे निवडत बसले. भावानं ऊस विचारला, पेन्शन विचारली, दोन्हीला नुसती मान. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ हातचं. एवढ्यात भाऊ म्हणाला, "पाव्हणं, काय नाद-बिद हाय का?" भावजींनी खिशातून मोबाईल काढला आणि अस्वल लावलं. घर दणाणलं. कुत्रं बाजेखाली घुसलं, भावाच्या हातातला चहा सांडला. सुमन आतून धावत आली, "कोण भांडतंय गं बया?" भावजींनी आवाज बंद केला आणि तिच्याकडं सरळ बघून म्हणाले, "भांडत न्हाईत. लग्नाचं बोलणं चाललंय." सुमन पदर तोंडाला लावून अशी हसली, की सासूबाईंना मी तिथंच मनातल्या मनात सांगून टाकलं.

संसार लय चांगला झाला. सुमन ओरडायची, भावजी थांबायचे, उंबऱ्यात उभे राहून घुमायचे. तिनं त्यांच्या नंबराला तोच आवाज लावून घेतला. रानातून फोन आला की आमच्या स्वयंपाकघरात अस्वल ओरडायचं आणि ती लगेच उचलायची, "आले, आले, जीव खाऊ नका."

परवा त्यांचा मोबाईल अजून चालतो का बघावं म्हणून मी बाहेरच्या सोप्यातून त्यावरनं सुमनला फोन लावला. आत अस्वल ओरडलं. सवयीनं ती म्हणाली, "आले, आले, जीव..." मी आत गेले. तिचे हात पिठाचे, फोन ओट्यावर वाजतोय. मी बंद करायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. वाजू द्या." मादी ओरडली, नर घुमला, मग दोन्ही आवाज रानात लांब लांब गेले. इथवर आम्ही दोघींनी कधी ऐकलंच नव्हतं. ती आधीच उचलायची आणि भावजी मला ऐकवताना इथं यायच्या आत बंद करायचे. अगदी शेवटी कुजबुज आली. भावजीच. रानात बरोबर असलेल्या कुणाला तरी सांगत होते, पोरासारखे खूश होऊन, "जमलं गड्या... जमलं."

सुमननं पिठाच्याच हातानं डोळे पुसले. हसत होती.

"आक्का," म्हणाली, "परत लावा."