दोनशे चौदा उद्गारचिन्हं

कुमुशकान वहिनी भित्री आहे, हे आमच्या गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ती विजेला भिते, नदीला भिते, शेजाऱ्यांच्या टर्कीलासुद्धा भिते. एकोणिसाव्या वर्षी ती माझ्या चुलतभावाची बायको म्हणून आमच्या घरात आली आणि पहिल्याच सकाळी सासऱ्यांना, म्हणजे माझ्या काकांना, समोर पाहून हातातली चहाची किटली टाकून पडद्यामागे पळाली. काका कोमुझ हे तीन तारांचं वाद्य वाजवणारे, दारातून वाकून यावं लागे इतके उंच, भुवया जाड. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी तिच्यावर एकदाही आवाज चढवला नाही. पण भीती बसली ती बसलीच.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, दिराचंही घेत नाही. तिच्या लेखी मी ‘बारके भाऊजी’. आता माझं वजन शंभर किलोच्या वर गेलंय, तरी बारकेच. काकांना ती ‘थोरले’ म्हणायची. आणि सोनुनबुबू काकू तरी काय वेगळी होती? एकसष्ट वर्षं संसार केला, पण नवऱ्याला ‘अहो, ऐकलं का’ याच्या पुढे कधी हाक मारली नाही.

वहिनी गावच्या क्लबच्या वाचनालयात कामाला. अकरा वर्षांपूर्वी क्लबचं छप्पर गळलं आणि काकांच्या जुन्या टेपा भिजून त्यांच्यावर बुरशी चढली. सगळे हळहळले आणि आपापल्या घरी गेले. हिने मात्र त्या टेपा पिशवीत भरून आणल्या, स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घातल्या आणि सलग तीन हिवाळे बसून एकेक चाल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कॉम्प्युटर मीच बसवून दिला होता. माउसला हात लावण्याआधी ती दर वेळी ‘बिस्मिल्ला’ म्हणायची. दोनशे चौदा चाली झाल्या. प्रत्येक चालीपुढे तिने लिहून ठेवलं, कुणाच्या लग्नात वाजवली, समोर कोण बसलं होतं, कोण रडलं. टेपांचा पुढे भुगाच झाला. काकांचे हात तोवर थरथरायला लागले होते, कोमुझ भिंतीला टांगला तो कायमचा. म्हणजे काकांचं जे काही वाजवणं या जगात उरलं होतं, ते त्या एका जुन्या डिस्कवर.

काकांचा मोठा मुलगा, वहिनीचा दीर झोल्दोश म्हणाला होता, “राजधानीत देऊन टाका कुणाकडे तरी. त्या सशाच्या हाती कशाला ठेवता?” वहिनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर बोलली, “मी सांभाळीन.” मीही छाती पुढे काढून म्हणालो, दुसऱ्या डिस्कवर उतरवून देतो. त्याला दोन वर्षं झाली. आज आणतो, उद्या आणतो. खोटं कशाला सांगू, मी आळशी माणूस आहे.

मग काका गेले. वर्ष भरत आलं, आशचं, म्हणजे वर्षश्राद्धाचं, जेवण शनिवारी ठरलं. दोनशे माणूस येणार. त्या दिवशी विधवा काळी वस्त्रं उतरवून पांढरी नेसते. काकूने मात्र अट घातली, “आधी यांचा कोमुझ ऐकवा, मग मी काळं उतरवीन. नाहीतर नाही.” अंगणात मोठा पडदा लावून वहिनीने कॉम्प्युटरवरून चाली वाजवायच्या, असं ठरलं.

शुक्रवारी दुपारी गावी येताना मी कोचकोरला अडकलो होतो. दोलोनच्या खिंडीत बर्फ पडला म्हणून रस्ता बंद. चहाच्या दुकानात बसलो असताना फोन वाजला.

“भाऊजी,” वहिनीचा आवाज ओळखू येईना, “थोरल्यांनी सगळं परत नेलं.”

“काय परत नेलं?”

“गाणी. एक वाजत नाही. सगळ्यांपुढे उद्गारचिन्ह आलंय. नावं दिसतात, पण आत काहीच नाही.”

ती डिस्क दोन महिने खरखरत होती, हे मला ठाऊक होतं.

“कशाला हात लावला का?”

“नाही हो. आता एक चौकट आलीय. दोनशे चौदा गाणी सापडत नाहीत, यादीतून काढून टाकू का, असं विचारतंय. हो म्हणू?”

“खबरदार!” मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानवालीच्या हातून चमचा पडला. “नाही म्हणा. नाही म्हणून हात मांडीवर ठेवा.”

“ठेवले.” मागे अंगणात बायका कणकेचे बोर्सोक तळत होत्या, त्यांचं हसणं येत होतं. “भाऊजी, बाहेर उद्याच्या जेवणासाठी घोडा कापलाय. झोल्दोशदादा, नव्हे, मोठे भाऊजी पडदा बांधतायत. मला विचारलं, सगळं ठीक ना? मी हो म्हणाले. आता मी काय करू? विहिरीत उडी मारू?”

गोंधळात तिने दिराचं नाव घेतलं होतं. तिच्या तोंडून घरातल्या माणसाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हा मी खरा घाबरलो.

“विहीर कुठंय आपल्याकडे? नळ आहे,” मी म्हणालो. हसली नाही. “वहिनी, डिस्क खरखरतेय का?”

“नाही. गप्प आहे.”

गप्प हे बरं की वाईट, मलाच कळेना. मेलेली डिस्कही गप्पच असते. माझ्या फोनची बॅटरी लाल झाली होती आणि खिशातल्या कोऱ्या डिस्कचा कोपरा मांडीला टोचत होता. हो, आणली होती. दोन वर्षांनी, आशच्या आदल्या दिवशी, खिंडीच्या चुकीच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या खिशात होती.

“पहिल्या गाण्यावर क्लिक करा. काय लिहून येतं ते वाचा.”

“बिस्मिल्ला. लिहिलंय, फाइल इथे सापडली नाही. डी. मग संगीत. मग…” ती थांबली.

“मग काय?”

“मग ते.”

“ते म्हणजे?”

“ते हो. आपले ते. थोरले.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकरा वर्षांपूर्वी ते फोल्डर मी बनवलं होतं आणि घाईघाईत त्याला काकांचं नुसतं नाव दिलं होतं. अक्कल नावाची गोष्ट नसलेला पुरुष मी! त्या घरात ते नाव कोण वाचणार, याचा विचारही मनात आला नाही.

“वहिनी, खरं सांगा. त्या फोल्डरचं नाव तुम्ही बदललंत?”

ती रडायलाच लागली. “उद्या सगळ्यांपुढे, एवढ्या मोठ्या पडद्यावर, मी त्यांच्या नावावर बोट टेकवायचं? झोल्दो… मोठे भाऊजी बघणार, आई बघणार. मला ते जमलं नसतं. म्हणून सकाळी मी ‘थोरले’ असं केलं. नाव नीट केलं फक्त. गाण्यांना कुठे हात लावला? आणि त्यांना राग आला, भाऊजी. वर्षभर काही बोलले नाहीत, आज रागावले.”

“कुणी रागावलं नाही. गाणी आहेत. तो प्रोग्रॅम गाणी जवळ ठेवत नाही, फक्त पत्ता ठेवतो. तुम्ही दारावरची पाटी बदललीत, तो जुनी पाटी शोधत गल्लीत फिरतोय. जुनं नाव जसंच्या तसं परत लिहा, सगळं सापडेल. मोजकीच अक्षरं आहेत.”

“तुम्ही या आणि लिहा.”

“खिंड बंद आहे!”

“मग झोल्दोशदादांना…” आणि ती स्वतःच गप्प झाली. त्याला बोलवायचं म्हणजे सशाची गोष्ट त्याच्या तोंडून जन्मभर ऐकायची.

मी एकेक अक्षर सांगायला लागलो. तिने पहिली तीन लिहिली. चौथ्याला अडली.

“हात उचलत नाही. आशच्या आदल्या दिवशी, भाऊजी. काही अशुभ झालं तर? आईंना काही झालं तर?”

“अहो, डब्याचं नाव आहे ते!” मी चिडलो. घाबरलो की मी चिडतो, हे बायको सांगते. “तीन अक्षरांवर सोडाल तर उद्या काकूला काय ऐकवणार? टर्की?”

तेवढ्यात पलीकडे दार वाजलं. काठीचा आवाज आला. सोनुनबुबू काकू.

“कोण रडतंय? बारक्या, तू रडवलंस हिला?”

मी सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू दे, नशिबात नव्हतं.

“ऊठ,” ती म्हणाली.

“आई, तुम्ही?”

“मी पोस्टात बावीस वर्षं होते, पोरी. पाकिटावर नाव लिहायला मला येतं. यांच्या नावाची पाकिटं येत, ती मी पालथी ठेवायचे. सरक.”

टक. टक. एका बोटाने. मधे एकदा ती थांबली, आणि वहिनीचा हुंदका ऐकू आला.

“झालं. आता?”

“एंटर. आणि काकू, एकदा वाचून सांगा. एक अक्षर चुकलं तरी सापडायचं नाही.”

मग काकूने ते मोठ्याने वाचलं, अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

“एशेनकुल!”

वहिनी ओरडली. कशाला ते मला कळलं नाही, मग कळलं. उद्गारचिन्हं गेली होती. तिने एकावर क्लिक केलं असावं, कारण फोनमधून तीन तारा वाजायला लागल्या, काकांचाच हात, शंका नाही. मी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर तोंड झाकून घेतलं.

चाल संपली. मग काकू म्हणाली, माझ्याशी नव्हे, वहिनीशीही नव्हे बहुतेक.

“एकसष्ट वर्षांत एकदा तरी अशी हाक मारायला हवी होती गं. ओ दिली असती त्यांनी.”