आपल्या माणसाकडचा मोतीबिंदू

चंद्रव्वा हत्तरकी माझ्या समोरच्या घरात राहते. आमच्या भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवणारे बरेच जण आहेत, त्यांच्या शर्टांना ती घरी बसून काज-बटण करायची. नवरा तरुणपणी गेला. त्याबद्दल रडताना मी तिला पाहिलं नाही, जीभ मात्र तिखट. कुणी विचारलं, अव्वा अजून काम करता का, तर म्हणायची, न्हाय, सुई खेळवते. मुलगा शिवराज चिंचोळी एमआयडीसीत लागला आणि कंपनीच्या विम्यात त्यानं आईचं नाव घातलं, तेव्हा ते कार्ड तिनं आधी देवापुढं ठेवलं.

रोज सकाळी विभूती लावून ती डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेते आणि नजर न हलवता बघत बसते. तिचं सगळं बळ तिथलं. एक दिवस पूजा उरकून ती माझ्या दारात आली.

"लिंग दिसतंय गं, पर भवतीची बोटं दिसंनात. हात कुनी कापून नेल्यावानी वाटतंय."

मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, आधी अण्णांना विचारते.

अण्णा म्हणजे पंचाक्षरी. मठाची व्यवस्था बघतात, तिच्या नवऱ्याचे गुरुबंधू. नवरा गेला तेव्हा हे पाठीशी उभे राहिले, शिवराजच्या शाळेपासून लग्नापर्यंत त्यांना विचारल्याशिवाय तिच्या घरात काही झालं नाही. त्यांनी सांगितलं, गुरुलिंगकडे जा, तो डोळे बघतो, आपला माणूस आहे.

आपला माणूस म्हटलं की आमच्याकडे पुढचं विचारत नाहीत. काय शिकलात असं आपल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्या घरचं पाणी नाकारण्यासारखं. गुरुलिंगच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलंच नव्हतं. पण सगळी पेठ त्याला डॉक्टर म्हणायची, मग पाटी कोण वाचणार? खाली 'सर्व कार्ड चालतात' असं होतं, ते मात्र शिवराजनं वाचलं आणि विम्याचं कार्ड पुढं केलं. गुरुलिंग हसला. हे नव्हे हो, बँकेचं, म्हणाला. तेवढ्यावरही कुणाला उठावंसं वाटलं नाही.

त्यानं बॅटरी मारून डोळे बघितले आणि मोतीबिंदू आहे म्हणाला, पण अजून पिकला नाही, पिकू द्या. हे तर आपण आई-आजीपासून ऐकत आलोय, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. चंद्रव्वा अधूनमधून जायची, तो नवा चष्मा द्यायचा आणि पिकला नाही म्हणून परत पाठवायचा. ती येऊन मला सांगायची, "आंबा बी इतका येळ घेत न्हाय बघ." आम्ही दोघी हसायचो.

मग एकदा नवी पेठेत उजव्या बाजूनं आलेली रिक्षा तिला दिसलीच नाही. नुसता पदर रिक्षात अडकून फाटला, तेवढ्यावर निभावलं, सिद्धेश्वरानंच राखलं. पुन्हा अण्णांना विचारते म्हणाली, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

मग मी आणि शिवराजनं डॉक्टर शोधला. एका दवाखान्यानं फोनवर विमा चालतो म्हणून सांगितलं, पण कंपनीचं नाव घेतल्यावर तुमचा नाही म्हणाले. दुसरीकडे मी आधीच विचारलं की तपासणार कोण, त्यांचा नोंदणी नंबर काय, आणि ह्याच पॉलिसीत भरती होते का. पलीकडची मुलगी जरा फुगली, पण तिनं सांगितलं. नंबर मी मोबाइलवर वैद्यक परिषदेच्या यादीत घालून बघितला. नाव, पदवी, सगळं जुळलं. विमा कंपनीकडूनही शिवराजनं होकार घेतला. एवढंसं काम होतं.

तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनींनी डोळ्याचा दाब मोजला, दुसऱ्या यंत्रावर बसवून दिवे दाखवले. मग खुर्ची जवळ ओढली. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. ह्यात पिकायची वाट बघायची नसते, वाट बघण्यातच नजर जाते. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याच्या कडा गेलेल्या, मधलं तेवढं ऑपरेशननं आणि थेंबांनी राखता येईल, गेलेलं परत येणार नाही.

चंद्रव्वा बाहेर बाकावर येऊन बसली, तर शेजारी काळा चष्मा लावून अण्णांची आई गुरम्मा बसलेली. म्हातारी खूश झाली, हात धरला.

"तू बी हितंच येतीस व्हय? माझा पंचाक्षरी मला पयल्यापासनं हितंच आणतो. कुनीकडं न्हाय नेत."

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते चंद्रव्वानं शांतपणे विचारून घेतलं. ती गुरुलिंगकडे जायला लागली त्याच्याही आधीपासून.

ऑपरेशन झालं, विम्यातून झालं. ती घरी आल्यावर अण्णा भेटायला आले. ते येण्याआधी मी गुरुलिंगला जाऊन विचारलं होतं. तो म्हणाला, चष्म्याचा कोर्स केलाय, मी डॉक्टर आहे असं कधी म्हटलं? लोक म्हणतात. खोटं तरी काय होतं त्यात. अण्णांनीही तेच सांगितलं, वर म्हणाले, बिचाऱ्यानं नवं दुकान टाकलेलं, मठातल्या माणसांनीच हात दिला पाहिजे ना.

चंद्रव्वा भिंतीला टेकून होती. "मग तुमच्या अव्वाला का न्हाय नेलं तितं?"

"अव्वाचं वय झालंय. तिच्या बाबतीत धोका कशाला घ्यायचा?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं. चहा अजून व्हायचा होता, पण पाणी पिऊन ते उठले. दारातून वळून म्हणाले, "गुरुलिंगचं नाव मठात काढू नका. आपल्यातली गोष्ट आपल्यात."

"कुनाच्यातली, अण्णा?" ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती शिवराजचा हात धरून मठात गेली. प्रसादाला बसलेल्या बायकांना तिनं आवाज न चढवता सगळं सांगितलं, दोघांची नावं घेऊन. मी तिथेच होते. कुणी खोटं म्हणालं नाही, कुणी बरोबरही म्हणालं नाही. एकीनं ताटातला भात कालवायला घेतला, मग सगळ्यांनीच घेतला.

आता तिला मठातल्या कामाचा निरोप येत नाही. सणाला दिवे लावायला बायका जमतात, ते हिला दुसऱ्या दिवशी कळतं. थेंब ती वेळेवर घालते, डावा डोळा धरून आहे. काज-बटण बंद झालं.

त्या बायकांपैकी काही जणी मात्र माझ्याकडे येऊन गेल्या. कुणाच्या सासूला अंधुक दिसतंय, कुणाला स्वतःलाच. डॉक्टर प्रियदर्शनींचा पत्ता लिहून घेतला, नोंदणीचा नंबर कुठे बघायचा ते विचारलं. मी म्हटलं, समोरच तर आहे चंद्रव्वा, तिलाच विचारा, तिला जास्त माहीत आहे. असू दे, म्हणाल्या, आणि समोरच्या दाराकडे न बघता निघून गेल्या.