डहाणूचे अकरा शंख

डिसेंबर १९३४, नाताळची सुट्टी. डहाणूला गेलेली मंडळी : वकीलीणबाई, त्यांची नणंद माई, मी, आणि सामान सांभाळायला गाठोडेचाचा.

चाचांनी बांधलेलं गाठोडं दुसऱ्या कुणाला सुटत नसे. ते मूळचे मालेगावचे विणकर. माग गेला तसे नाशकात आले. आमच्या आळीतली कुटुंबं प्रवासाला निघाली की सामान बांधायला आणि सोबतीला त्यांनाच बोलावत. फराळाचे डबेसुद्धा तेच उचलत. त्यांच्या हाताला कुणाची ना नव्हती. मी शाळेतली बाई, सगळं वेळेवर लागणारी. मी घड्याळ दाखवलं की ते म्हणत, "बाई, गाठीला घाई नाय चालत."

समुद्र त्यांनीही प्रथमच पाहिला. वाळूत खेकडा आडवा आला की ते थांबत, त्याला जाऊ देत आणि मग पाऊल टाकत. वकीलीणबाईंनी थट्टा केली, "काय चाचा, सलाम केलात का त्याला?"

"केला ना. त्यानं दोन्ही हात वर करून घेतला."

माई हसता हसता वाळूत बसल्या.

निघायच्या सकाळी ओहोटी होती. शाळेच्या कपाटासाठी मी शंख वेचले, अकरा. चाचांनी त्यातला एक तळहातावर ठेवला आणि नुसते उभे राहिले. जरा वेळाने आतून बारीक तांबडे पाय बाहेर आले.

"ठेवून द्या बाई. घर रिकामं नाय."

आम्हा नाशिककरांना शंख ठाऊक तो देवघरातला, धुतलेला. आत कुणी राहतं, मरतं, कुजतं, हे डोक्यातच नव्हतं. शिवाय माझ्या यादीत अकरा लिहून झाले होते. शाळेतल्या मुलींनी समुद्र पाहिलेला नाही, असं काहीतरी त्यांना सांगितलं आणि सगळे शंख डब्यात भरून ट्रंकेत टाकले.

मुंबईत माईंच्या धाकट्या भावाकडे दोन रात्री राहिलो. परतताना कल्याणच्या आधीच आगगाडीच्या डब्यात घाण सुटली. माईंनी नाकाला पदर लावला. वकीलीणबाईंची नजर चाचांच्या गाठोड्यावर गेली.

"चाचा, सुके बोंबील घेतलेत ना? सांगायचं तरी. आमचे फराळाचे डबे आहेत इथे."

ट्रंक माझ्या पायाखाली होती. मला कळलं होतं. चाचांनाही कळलं होतं. त्यांनी एकदा ट्रंकेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"मी पलीकडच्या डब्यात बसतो," ते म्हणाले. गाठोडं उचलून कल्याणला उतरले. वास गेला नाही, तर वकीलीणबाई म्हणाल्या, बोंबलाचा वास असाच राहतो.

घरी येताच मी ते शंख परसात खोल पुरले. गोष्ट मात्र आळीभर झाली, वकीलीणबाई ती रंगवून सांगत. संक्रांतीनंतर कुणीही चाचांना सामानाला बोलावलं नाही. उन्हाळ्यात ते मालेगावला भावाच्या मागावर परत गेले. जाताना माझ्या दारात आले, शाळेची चौकशी केली, पाणी प्यायले. बोंबलाचं नावही काढलं नाही. तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मी म्हटलं, "जपून जा, चाचा." दोन वर्षांनी ते तिकडेच वारले.

वकीलीणबाई अजून ती गोष्ट सांगतात. परवा हळदीकुंकवाला सांगितली, सगळ्या हसल्या, आणि मी पानसुपारीचं तबक फिरवत राहिले. या आठवड्याच्या कागदावर चार कामं होती : दळण, छत्रीची काडी, फीच्या पावत्या, वकीलीणबाईंकडे जाऊन सांगणे. तीन खोडली आहेत.