भाऊजी थांबायला शिकतात

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, घरोघरी फिरून सर्व्हेचे प्रश्न विचारतात. माणूस लाखमोलाचा, पण समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देईल तर शपथ. तुम्ही नुसतं "मला जरा" म्हणालात की ते "चहा हवाय ना" म्हणून उठलेच. आणि खरोखर चहा घेऊन येतात, त्यामुळे रागावताही येत नाही.

त्याच सर्व्हेच्या ऑफिसात मी तपासणीला बसते. लोकांनी काय उत्तरं दिली ते बघणारे वेगळे. मी बघते ती उत्तरं कशी घेतली गेली: कुठलं दार किती वाजता वाजवलं, कोणी नकार दिला, कोणता प्रश्न टॅबवर किती वेळ उघडा राहिला. टॅब हे सगळं आपलं आपण टिपून ठेवतो. फिरणाऱ्यांना ते ठाऊक असतं, पण गप्पांत विसरायला होतं.

गेल्या फेरीत भाऊजींचं नाव माझ्या पडद्यावर लाल रंगात आलं. एकाही दारानं त्यांना नकार दिला नव्हता, हे अख्ख्या ऑफिसात कोणाला जमलं नव्हतं. पण इतरांचं एक घर होईपर्यंत यांची दोन होत होती. असं दिसलं की पहिला संशय येतो तो माणूस सावलीत बसून आपल्या मनानं उत्तरं भरत असल्याचा, आणि मग त्याला पुढच्या फेरीत घेत नाहीत. माझी पंचाईत झाली. आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी नोंद दाबली नाही, आमच्या मुख्य बाईंसमोर ठेवली.

बाईंनी त्या त्या घरातल्यांच्या परवानगीनं टॅबवर केलेली रेकॉर्डिंग लावली. घरं खरी होती, माणसं खरी होती, उत्तरं तेवढी भाऊजींची होती. "गेल्या वर्षात काही नवीन शिकावंसं वाटलं का? छे, तुम्हाला कुठला वेळ, नाही लिहितो," की लगेच पुढचा प्रश्न. समोरच्या आजी बिचाऱ्या नुसत्या हसत होत्या. बाईही हसल्या, पण निकाल कडक दिला. एका आठवड्यात थांबायला शिकले तर ठीक, नाहीतर टॅब परत.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. आपण लोकांना मदतच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. जित्याची खोड उपदेशानं जाणार नव्हती, म्हणून ताईनं पाण्याचा पेला आणला. प्रश्न विचारायचा, लगेच घोट तोंडात घ्यायचा, आणि समोरून उत्तर येईपर्यंत गिळायचा नाही. सरावाला ताईच समोर बसली. पहिल्या दोन प्रश्नांना भाऊजींनी टेबल भिजवलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग तो शिकण्याचा प्रश्न आला. भाऊजींनी तो विचारला, घोट घेतला आणि गाल फुगवून बसले. ताई गप्प. त्यांच्या बोटांची चुळबुळ सुरू झाली, भुवया वर गेल्या. तिच्या वतीनं नकाराची मान हलणार, तेवढ्यात मी डोळे वटारले.

"पोहायला," ताई म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून वाटतंय."

भाऊजींनी घोट गिळला तो दोघींनाही ऐकू गेला. ताईला पाण्याची भीती वाटते, असं तेच आजवर सगळ्यांना सांगत आले होते. टॅबवर त्या प्रश्नाखाली "आणखी काही?" असं लिहिलेलं असतं. ते त्यांनी पहिल्यांदाच वाचलं, आणि पुन्हा पेला तोंडाला लावला.

तो आठवडा ते पाण्याची बाटली घेऊनच फिरले. माझ्या पडद्यावर त्यांचे प्रश्न लांबत गेले, आणि "नाही"च्या जागी शिवणकाम, गाणं, गाडी चालवणं अशी उत्तरं यायला लागली. शनिवारी बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं की टॅब तुमच्याकडेच राहील, आणि इतरांना नकार देणारी घरंही आता तुम्हीच करायची. भाऊजी जिना उतरले ते जवळजवळ नाचतच. एवढी मोठी बातमी पोटात घेऊन हा माणूस घरापर्यंत पोचणार कसा, याचीच मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईचं अभिनंदन करायला फोन केला. तिला काहीच माहीत नव्हतं. मी चक्रावलेच.

"काल आल्या आल्या त्यांनी विचारलं, तुझा दिवस कसा गेला," ती म्हणाली. "मग झोपेपर्यंत मीच बोलत होते गं."