पंधरावी फेरी

बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पातून निवृत्त झालो आणि पहिल्या महिन्यातच घरात बसून कंटाळलो. कळस गावचे एक तात्या माझ्या ओळखीचे होते. शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आयुष्य काढलेले, आता पंचाहत्तरीला टेकलेले. बारामती-इंदापूर भागात मुलांच्या मैदानी स्पर्धा असल्या की पांढरी टोपी घालून ते पंच म्हणून हजर. पैसे न्हाईत, दुपारचं जेवण तेवढं मिळतं. ते म्हणाले, "रिकामा हायेस, तर चल."

मला पहिलं काम मिळालं ते मुलींच्या तीन हजार मीटरचं. मैदान दोनशे मीटरचं, म्हणजे पंधरा फेऱ्या. तीन मुली माझ्या वाट्याला. मुलगी रेषेवरून गेली की घड्याळ बघायचं आणि तिच्या नंबरापुढं वेळ लिहायची. शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजवायची, ती तात्यांच्या हातात; मोजणाऱ्यानं हात केला की ते वाजवणार.

मधल्या एका फेरीत एका मुलीचा बूट निघाला. ती लंगडत बाजूला झाली आणि मी तिच्याकडं बघत राहिलो. तेवढ्यात माझ्याच वाट्याची, कळंब गावची मुलगी रेषेवरून निघून गेली. मला त्याचा पत्ताही नव्हता.

ती सगळ्यांच्या अर्धी फेरी पुढं होती. पंधरावी फेरी संपवून ती थांबायला लागली, तर माझ्या कागदावर चौदाच. मी ओरडलो, "अजून एक हाय, पळ!" तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि पळायला लागली. मागची मुलगी आली, तिला आम्ही पहिली धरलं. माइकवरून तिचा नंबर पुकारलाही. तिच्या वडलांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

निकालावर सही करण्याआधी तात्यांनी माझा कागद मागितला. बोट फिरवत एकेक वेळ वाचली आणि मधेच थांबले.

"प्रत्येक फेरी पन्नास-बावन्न सेकंदांची. आन् हितं पावणेदोन मिनिटं? ही पोर मधीच जेवायला गेली हुती का काय?"

मी बूट, लंगडणारी मुलगी, सगळं सांगितलं. मला वाटलं, ते आता माझी खरडपट्टी काढणार. ते फक्त म्हणाले, "मग पहिली कोण, ते ठरलं. चल, सांगू. दोघींना तूच सांगायचं. मी संगं हाय."

पेढेवाल्या वडलांना कळल्यावर ते भडकले. "असल्या म्हाताऱ्यांना बसवताच कशाला हितं? डोळ्यांना दिसंना झालंय!"

तात्या शांतपणे म्हणाले, "व्हय, म्हातारा हाय. म्हणून तर तोंडी भरवसा ठेवत न्हाय, कागदावर लिहून घेतो. हा कागद, तुमीच वाचा."

त्यांनी वाचला. एकदा वाचला, परत वाचला. त्यांची मुलगीच शेवटी म्हणाली, "पप्पा, ती माझ्या पुढंच होती. मला माहीत होतं." तिचे डोळे भरले होते, तरी ती बोलली.

कळंबची मुलगी लिंबाच्या झाडाखाली पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बाळ, माझी चूक झाली. तुझी एक फेरी मी लिहिलीच न्हाय. तू पहिली आलीस."

ती म्हणाली, "मी पण मोजत होते, आबा. पंधरा झाल्या होत्या. पण तुमी सांगितलं म्हटल्यावर पळाले."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. माझ्या शब्दावर ती दोनशे मीटर जास्त पळाली होती. तात्यांनी तिला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "पुढच्या येळी मोजत असशील, तर थांबायचं आन् पंचाशी भांडायचं. आमी चुकतो."

परतताना मी त्यांना म्हणालो, "हे माझं काम न्हाय, तात्या. दुसरा कुणी बघा."

"दुसरा कुठं हाय?" ते म्हणाले. "जो हाय, तो सध्या मोबाइलवर हाय. माझी पहिली चूक तर याहून मोठी हुती. कधीतरी सांगीन."

ती अजून त्यांनी सांगितलेली नाही. पुढच्या महिन्यात इंदापूरला स्पर्धा होत्या. सकाळी साडेसहाला तात्या मैदानावर चुन्याच्या रेषा नीट पडल्यात का, ते गुडघ्यावर बसून बघत होते. मला पाहताच त्यांनी फळी, कागद आणि पेन्सिल पुढं केली. या वेळी माझ्या वाट्याला चार मुली होत्या.