दुपारच्या सत्राची सही

सुवर्णा निकमला एका माणसाची सही हुबेहूब करता यायची. डॉ. यादव गांगुर्डे यांची. ‘य’ जरा मोठा, ‘ग’ची काठी खाली ओढलेली आणि शेवटी घाईतला एक ठिपका. ठिपका द्यायला ती कधी विसरली नाही.

गोदातीर वैद्यक मंडळाच्या कार्यालयात ती नऊ वर्षं कारकून होती. डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांत ठरावीक गुण जमवावे लागतात आणि ते मिळतात व्याख्यानांना बसून. महिन्यातून एका रविवारी मंडळ गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात ‘मेडिसिन अपडेट’ ठेवायचं. नवी औषधं, नव्या तपासण्या, जुन्यातलं काय सोडून द्यायचं ते. हजेरीचा कागद सुवर्णाच्या ताब्यात असायचा. सकाळी एक सही, जेवणानंतर दुसरी. दोन्ही असल्या तरच प्रमाणपत्र, आणि तेही तीच छापायची.

डॉ. गांगुर्डे सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, पुढच्या रांगेत बसायचे, वहीत लिहूनही घ्यायचे. जेवण झालं की हात पुसत तिच्या टेबलाशी यायचे.

“सुवर्णा, रविवार आहे गं. कंपनीतले पेशंट सुट्टी बघून येतात, दवाखान्याच्या दाराशी ताटकळतात. काय करू?”

“निघा ना सर. मी बघते.”

हे ‘मी बघते’ दोन वर्षं चाललं होतं. यात आपण काही वावगं करतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. तिची आई शेवटचे दीड महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हाच माणूस सातपूरच्या दवाखान्यातून रोज स्कूटरवर घरी यायचा, सलाइन लावायचा आणि बाटली संपेपर्यंत तिच्या वडिलांशी पत्ते खेळायचा. त्याच्यापुढे एक सही म्हणजे काय? ती केली की तिला उलट हलकं वाटायचं.

वडील म्हणजे सावळीराम. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर काढलेली, त्यातली शेवटची पंधरा मधुमेह सोबत घेऊन. निवृत्तीलाही आता आठ वर्षं झाली होती. गुडघे धरले होते, त्याची गोळी रोज. पण साखरेच्या बाबतीत नाना सध्या भलतेच खुशीत होते. आधी दिवसाला दोन गोळ्या होत्या, वर्षापूर्वी एक झाली, दिवाळीनंतर अर्धी. तरी साखर खालीच. गल्लीतल्या बाकड्यावर बसून ते सांगायचे, “आपली गोळी आता बंदच व्हनार हाय बघा. पथ्य पाळलं तर लय फरक पडतो.” त्यांना औषध देणारे डॉ. गांगुर्डेही दवाखान्यात इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायचे.

पहाटे कधीकधी नाना घामाघूम होऊन उठायचे, हात थरथरायचे. सुवर्णा साखर घालून चहा द्यायची, की पाच मिनिटांत बरं. अशक्तपणा, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी पावलं सुजून चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा, तेही बसून बसून होत असेल.

त्या रविवारी जेवणानंतर डॉक्टर नेहमीप्रमाणे निघून गेले. सुवर्णाने नेहमीप्रमाणे सही केली, ठिपका दिला आणि प्रमाणपत्रं छापायला घेणार तेवढ्यात तिला पुढे बोलावलं. व्याख्यात्यांच्या हातातला रिमोट चालत नव्हता. किडनीच्या तज्ज्ञ डॉ. चैताली कर्डिले ‘पुढे’ म्हणतील तेव्हा लॅपटॉपचं बटण दाबायचं, एवढंच काम. एरवी मागे बसून तिच्या कानावर फक्त आवाज पडायचा. आज प्रत्येक वाक्य ऐकावं लागलं.

“आता माझ्या आवडीचा प्रश्न,” मॅडम म्हणाल्या. “जुना मधुमेही. तुम्ही गोळ्या कमी करत आलात तरी साखर खालीच येतेय. पेशंट खूश, तुम्ही खूश. पुढे.”

सुवर्णाने बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ होती : ‘खूश होऊ नका. किडनी बघा.’

“किडनी थकली की गोळीचं औषध शरीराबाहेर पडत नाही, साचून राहतं. इन्सुलिनही लवकर निचरत नाही. म्हणून साखर उतरते. पहाटे घाम, थरथर, पायाला सूज. त्यात गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक चालू असेल तर विचारूच नका. जुन्या गोळ्या उतारवयात सोडा आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासा. आज किडनी जपणारी नवी औषधं आहेत आपल्याकडे. पण ती वेळेत सुरू केली तर. पुढे.”

सुवर्णाचं बोट बटणावर तसंच राहिलं.

“ताई, पुढे!” मॅडम म्हणाल्या. मागे कोणी तरी हसलं, “जेवण जड झालंय त्यांना.”

तिने पुढची स्लाइड आणली. मग जवळचा कागद ओढून त्याच्या पाठीवर जमेल तसं लिहीत गेली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, तो हजेरीचाच कागद होता.

सोमवारी संध्याकाळी ती नानांना घेऊन दवाखान्यात गेली. बाकड्यावर सात-आठ माणसं बसली होती. भिंतीवर चौकटीत तिनेच छापलेली प्रमाणपत्रं ओळीने टांगलेली होती. डॉक्टरांनी नानांच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“एकोणसत्तर! बघा रे, याला म्हणतात पथ्य. नाना, तुमचा सत्कारच करायला पाहिजे.”

“शाल नको, नारळ द्या,” नाना म्हणाले. बाकडं हसलं.

सुवर्णा पुढे झाली. “सर, काल दुपारी त्या मॅडम म्हणाल्या, साखर अशी आपोआप कमी होत असेल तर किडनी…”

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग बाकड्याकडे. “हो, हो. होतो ना मी कालच्या लेक्चरला,” ते म्हणाले. आवाज मोठा होता, पण डोळे तिला काहीतरी मागत होते. “होतो की नाही गं?”

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न साधा होता : मग सही कोणी केली?

“होतात सर,” ती म्हणाली.

“मग? तीन वर्षांपूर्वी किडनीची तपासणी केली होती नानांची, एकदम नॉर्मल. पुढच्या महिन्यात पुन्हा करू. म्हाताऱ्या माणसाला उगीच किती टोचायचं.”

अर्धी गोळी आणि गुडघ्याची गोळी घेऊन ते घरी आले. त्या रात्री सुवर्णाने नानांना दोन्ही दिल्या नाहीत. पुडी दवाखान्यातच राहिली, असं खोटं सांगितलं. आपण देतोय ते विष की देत नाही ते, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. मंगळवारी सकाळी नाना कुरकुरत असताना तिने त्यांना लॅबमध्ये नेलं.

अहवाल संध्याकाळी मिळाला. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पाच पूर्णांक चार. एक पूर्णांक तीनच्या वर असू नये, असं शेजारीच छापलेलं होतं.

डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला तेव्हा दवाखाना रिकामा झाला होता. नाना बाहेर बाकड्यावर बसले होते. डॉक्टरांनी आकडा वाचला, अहवालावरचं नाव वाचलं, पुन्हा आकडा वाचला. मग उठून आतलं दार लोटून घेतलं.

“काय म्हणाल्या त्या?” त्यांनी विचारलं.

सुवर्णाने पर्समधून घडी केलेला कागद काढला. एका बाजूला सह्या होत्या. तिने दुसरी बाजू वर केली आणि वाचू लागली. औषधांची नावं तिला नीट वाचता येत नव्हती. ती अडखळली की डॉक्टर हळूच पूर्ण करायचे. त्यांना नावं सगळी माहीत होती. ती कधी आणि कोणाला द्यायची, एवढंच त्या दुपारी सांगितलं होतं. ‘वेळेत सुरू केली तर’ या ओळीपाशी ती थांबली.

“पुढे?” डॉक्टर म्हणाले.

“पुढे नाही लिहिलं सर. स्लाइड बदलायची होती.”

 मग डॉक्टरांनी चैताली मॅडमना फोन लावला आणि एखाद्या शिकाऊ डॉक्टरासारखं उभं राहून सगळं सांगितलं. मॅडमनी सांगितलं, दोन्ही गोळ्या आजपासून बंद करायच्या, गुरुवारी नानांना त्यांच्याकडे न्यायचं. डायलिसिस हा शब्द डॉक्टरांनी पाठ फिरवून उच्चारला. फोन ठेवल्यावर ते काहीतरी म्हणणार होते. सुवर्णाही म्हणणार होती. पण कोणी आधी माफी मागायची आणि कोणाची, हे दोघांनाही सुचेना.

ती बाहेर आली. नाना काठी टेकत उठले.

“काय म्हनले डॉक्टर?”

“गोळी बंद केली नाना.”

“दोनी?”

“दोन्ही.”

“म्हनलो नव्हतो का मी!” नानांनी बाकड्यावर काठी आपटली. गल्लीच्या तोंडाशी जिलेबीची कढई चढलेली होती. तिकडे बघत ते लहान मुलासारखं हसले. “मंग आज एक चालंल. साखर कमीच हाय ना?”

“हो नाना,” सुवर्णा म्हणाली. “कमीच आहे.”