कमानीखालची बाळंतीण

किल्ल्यातल्या कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते दाराच्या दगडावर तळहाताने थापटायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "कोनी हाय का अंदर? आमी येऊन राह्यलो बाप्पा." मग जरा थांबायचे. आत काही फडफडलं, सरपटलं, तर त्याला निघून जायला वेळ द्यायचे.

अकोटच्या वरच्या डोंगरातल्या त्या किल्ल्याच्या दुरुस्तीचं काम चाललं होतं. ते तिथले इंजिनियर, मूर्तिजापूरकडचे, निवृत्तीला आलेले. मी अमरावतीहून मोजमापं घ्यायला, नकाशे काढायला गेले होते. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: अंगाने आडवी, आवाजाने दणकट, आणि कुणाला जागचं उठवायची वेळ आली की पार विरघळणारी.

दारूकोठारात वटवाघळं निघाली, तेव्हा त्यांनी काम बुरुजावर हलवलं. बुरुजाला आग्या मोहोळ लागलं, तेव्हा तटाकडे. मुकादम वैतागला. "साहेब, किल्ला बांधून राह्यलो का जनावराइले खोल्या देऊन राह्यलो?"

"दोनी," काका म्हणाले. "तू चुना कालव."

त्यांचा जीव होता तो महालाच्या तडकलेल्या कमानीत. बाजूची भिंत त्यांनी स्वतः उभं राहून उघडली, सैल दगड उतरवले. कमानीला हलके टेकू दिले. जाड टेकू अकोटहून यायचे होते.

टेकू आले त्या सकाळी काकांनी दारावर थाप मारली आणि आतून गुरगुर आली. उघडलेल्या भिंतीच्या फटीतून पाहिलं, तर बिबट्याची मादी, पोटाशी दोन पिल्लं. डोळेही न उघडलेली.

वनरक्षक आला. "पिल्लं हिंडाफिराले लागेपर्यंत इकडं कोनी फिरकू नका."

"फकत टेकू लावू द्या," काका म्हणाले. "कमान उघडी हाय. पानी मुरलं तर खाली येईल."

"कसे लावता काका? तुमीच सांगा."

वनरक्षकाचंही खोटं नव्हतं.

मग ते रोज समोरच्या बुरुजावर जाऊन बसू लागले. मेळघाटाकडून आभाळ भरून येत होतं. मी एकदा म्हटलं, "फटाके लावून हाकललं तर?"

"बाळंतीण हाय वो ते," ते म्हणाले. "तिले ऊठ म्हनाले जीभ रेटत नाई."

एकदा दोरांनी वरून ताडपत्री सोडून पाहिली. आतून अशी डरकाळी आली की वरच्या मजुराचा पाय घसरला. काकांनी ओरडून सगळ्यांना खाली बोलावलं. ताडपत्री अर्धवटच लोंबकळत राहिली.

पावसाची झड लागली. दुपारी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये डबे खात होतो आणि धप्प असा आवाज झाला. काका तसेच उष्ट्या हाताने धावले. बुरुजापाशी पहाऱ्यावरच्या वनरक्षकाने त्यांचा दंड धरला.

कोसळलेल्या कमानीच्या दगडांच्या ढिगातून मादी बाहेर आली. तोंडात एक पिल्लू. ते घेऊन सागाच्या झाडीत गेली, आणि परत आली. ढिगाभोवती फिरायची, पंजाने दगड ओरबाडायची, कान लावायची, पुन्हा ओरबाडायची. अंधार पडेपर्यंत. आम्ही इतकी माणसं, पहारी, सब्बल, सगळं शेडमध्ये पडलेलं, आणि कुणालाच पुढे जाता येत नव्हतं.

"तिले हात नाईत वो बाई," काका म्हणत होते. "आपल्याले हायेत."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आम्ही दगड उचलले. पिल्लू खालीच होतं, मांजरीच्या पिल्लाएवढं. वनरक्षकाने ते गोणपाटात गुंडाळून नेलं.

"भीत म्या उघडली," काका म्हणाले. पाऊस होता, कुणाचा दोष नाही, असं जे बोलायचं असतं ते मी बोलले. त्यांनी ऐकलं नाही.

ते निवृत्त झाले आणि परत डोंगर चढले नाहीत. कमान दुसऱ्यांनी बांधली. चांगली बांधली. काम संपलं तेव्हा मी तिथूनच त्यांना फोन केला, बघायला या म्हणून.

"दाराले काई लावलं का?" त्यांनी विचारलं.

"हो काका, लोखंडी जाळी. आता आत काही शिरणार नाही."

"मंग पावसात ते कुठी जाईल वो?"

मी जाळीला हात लावून उभी होते.